मोटर न्यूरॉन आजार, मेंदूतला दाह आणि बदललेला नवरा

‘माझे यजमान ५३ वर्षांचे, अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षक. गेल्या वर्षी उजव्या हाताची पकड गेली, खडू धरता येईना. तपासण्या झाल्या आणि मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी निकामी होत जाण्याचा आजार, असल्याचं कळलं. आता दोन्ही हात कमजोर आहेत, बोलणं जड झालंय, पण चालतात. मला जास्त त्रास होतोय तो त्यांच्या वागण्याचा. बातम्या बघताना हुंदके देऊन रडतात. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला चारचौघांत हसू आवरेना. मला ताप होता तेव्हा एकदाही ‘कशी आहेस’ म्हणून विचारलं नाही. पूर्वी माझं डोकं दुखलं तरी चहा करून आणायचे. गोड दिसलं की तोंडात कोंबतात. मला न सांगता पतसंस्थेतली ठेव मोडली आणि ओळखीच्या एकाला पैसे दिले. सासूबाई म्हणतात, त्याला सगळं आठवतं, त्याच्या मेंदूला काही झालेलं नाही, तूच समजून घेत नाहीस. दिरांनी एक व्हिडिओ पाठवलाय. त्यात सांगितलंय की हा आजार म्हणजे मेंदूला आलेली सूज, ती उतरवली की माणूस बरा होतो. एका केंद्राने स्टेम सेल (मूळ पेशी) उपचाराचे काही लाख सांगितलेत आणि भाऊजी अर्धा एकर विकायला निघालेत. एमआरआय नॉर्मल, रक्ताची सीआरपी तपासणी नॉर्मल. मग सूज आहे की नाही? हळद, स्टिरॉइड असं काही द्यावं का? आणि मुलाला हे होईल का?’
– एक वाचक, सांगली जिल्हा

ताई,

सासूबाईंच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तुम्हाला तेच सगळ्यात जास्त लागलेलं दिसतं. त्यांच्या लेकाला सगळं आठवतं, हे खरं असेल. कर्जाचा हप्ता, भाच्याची जन्मतारीख, दहा वर्षांपूर्वीच्या वर्गातली मुलं, सगळं. पण या आजारात स्मरणशक्तीचा भाग बहुतेक वेळा उशिरापर्यंत टिकतो. आधी धक्का बसतो तो कपाळामागच्या भागाला. मनाचा तोल सांभाळणं, दुसऱ्याचं दुःख ओळखणं, मोह आवरणं, पैसे देण्याआधी क्षणभर थांबणं, ही कामं तिथे होतात. त्यामुळे माणूस पाढे बिनचूक म्हणतो आणि बायको तापाने फणफणलेली असताना टीव्ही बघत बसतो. घरच्यांना यातली पहिली गोष्ट दिसते आणि दुसरीचा अर्थ ते ‘स्वभाव’ असा लावतात.

तुम्ही लिहिलेल्या गोष्टी म्हणजे आटलेली आपुलकी, गोडाची हाव, न विचारता केलेला पैशांचा व्यवहार. सगळ्या एकत्र वाचल्यावर मला तरी हा आजाराचाच भाग वाटतो. मोटर न्यूरॉनच्या साधारण निम्म्या रुग्णांत विचारांत किंवा वागण्यात काही ना काही बदल आढळतो. दहा ते पंधरा टक्क्यांत तो इतका ठळक असतो, की त्याला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया असं वेगळं निदान मिळतं. तुमच्या यजमानांचं काय आहे, हे पत्रावरून मी ठरवू शकत नाही. ते ठरवायला तपासणी आहे. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी खास याच आजारासाठी एक चाचणी तयार केली. तिला ‘ईकॅस’ म्हणतात. हात चालत नसले किंवा बोलता येत नसलं तरी रुग्णाला ती देता येते, आणि त्यात घरच्या माणसालाही वागण्याबद्दल प्रश्न विचारतात. पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टना स्पष्ट सांगा, ‘यांच्या वागण्याची आणि निर्णयशक्तीची तपासणी करा.’ दहा मिनिटांच्या ओपीडीत रुग्ण शहाण्यासारखा बोलतो आणि डॉक्टरांना हे दिसतच नाही. चार ओळी लिहून न्या. यजमानांसमोर बोलायला जीव धजत नसेल तर कागद आधी आत पाठवा.

हसण्या-रडण्याचं मात्र वेगळं आहे. चेहरा, घसा आणि श्वास यांच्यावर मेंदूच्या वरच्या भागाचा जो लगाम असतो, तो नेणाऱ्या तंतूंनाच इजा झाल्यावर हसू किंवा रडू मनाला न विचारता फुटतं. याला स्यूडोबल्बार अफेक्ट म्हणतात. वर्षश्राद्धाला हसणारा माणूस आतून बहुधा शरमेने मेला असेल. त्या क्षणी समजावायला जाऊ नका, ‘गप्प बसा’ तर मुळीच म्हणू नका. विषय बदला, पाणी द्या, दोन मिनिटं जाऊ द्या. यावर औषधं आहेत. डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि क्विनिडिन यांचं मिश्रण याच लक्षणासाठी वापरतात. नैराश्यावरच्या काही गोळ्याही कमी मात्रेत उपयोगी पडतात. त्यांतल्या अमिट्रिप्टिलिनने लाळही कमी होते, म्हणून लाळ गळणाऱ्या रुग्णाला तिचा दुहेरी फायदा होतो. बद्धकोष्ठ किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा. हे लक्षण आटोक्यात येण्यासारखं असतं आणि तरी कित्येक घरं ते मुकाट सोसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता सूज. व्हिडिओतलं अर्धं वाक्य खरं आहे, म्हणूनच तो घातक आहे.

या आजारात मेंदूत आणि मज्जारज्जूत दाह असतो, यात शंका नाही. पण तो मेंदूज्वरासारखा नसतो. मेंदू फुगत नाही, डोक्यात पाणी साठत नाही. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. स्पेनच्या पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखल्या. मेलेल्या पेशींचा कचरा उचलणं, जंतू आला तर त्याला भिडणं, हे त्यांचं रोजचं काम. मोटर न्यूरॉन आजारी पडू लागला की त्या तिथे जमतात. सुरुवातीला त्या मदत करतात असं दिसतं. पुढे त्यांचा नूर पालटतो आणि त्या सोडत असलेल्या रसायनांनी शेजारचे धडधाकट न्यूरॉनही जायबंदी होऊ लागतात. रानडुकरं हाकलायला बसवलेल्या राखणदारांनी धावाधावीत उभा ऊसच तुडवावा, तसा हा प्रकार. न्यूरॉनला खाऊपिऊ घालणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशीही बिघडतात. रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींपैकी ज्या टी-पेशी एरवी दाहाला लगाम घालतात, त्या आजार वेगाने वाढणाऱ्या रुग्णांत कमी सापडल्या आहेत.

तुमच्या रिपोर्टमध्ये हे का दिसलं नाही? सीआरपी रक्तातला, म्हणजे सगळ्या शरीराचा दाह मोजतो. हा दाह मेंदूच्या बंदिस्त आवारात, ठरावीक जागी असतो. आणि नेहमीचा एमआरआय या आजारात काढतात तो मुख्यतः मानेत दबलेली नस, गाठ असं दुसरं काही नाही ना, हे पाहायला. मायक्रोग्लिया त्यात दिसत नाहीत. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी खास पेट स्कॅन करून मोजक्या रुग्णांच्या मेंदूत खवळलेल्या मायक्रोग्लिया दाखवल्या. त्या मेंदूच्या हालचाली घडवणाऱ्या पट्ट्यात होत्या, तशाच कपाळामागच्या भागातही होत्या. तो स्कॅन संशोधनापुरता आहे, त्याच्या मागे लागू नका. रिपोर्ट नॉर्मल म्हणून मेंदू शाबूत, हा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

पण दाह असणं आणि दाहामुळे आजार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००६ साली अमेरिकेत उंदरांवर एक प्रयोग झाला. या उंदरांत एसओडी१ नावाच्या जनुकातला दोष घातलेला होता, ज्याने त्यांना हाच आजार होतो. संशोधकांनी तो दोष फक्त मायक्रोग्लियातून काढून टाकला. आजार सुरू व्हायचा त्याच वेळी सुरू झाला, पण नंतरचा वेग बराच मंदावला. उलट मोटर न्यूरॉनमधला दोष कमी केला तेव्हा आजाराची सुरुवातच लांबली. म्हणजे ठिणगी न्यूरॉनमध्ये पडते, आणि दाह तिला वारा घालतो. वारा थांबवला तरी ठिणगी उरतेच.

आणि ही ठिणगी कसली, याचाही मोठा धागा त्याच वर्षी हाती आला. टीडीपी-४३ नावाचं एक प्रथिन एरवी पेशीच्या केंद्रकात काम करतं. ते केंद्रकाबाहेर येऊन झालेल्या त्याच्या गुठळ्या या आजाराच्या जवळजवळ सर्व रुग्णांत, साधारण ९७ टक्क्यांत, सापडतात. आणि वागणं बदलवणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या सुमारे निम्म्या रुग्णांतही हेच प्रथिन तसंच बिघडलेलं असतं. त्यानंतर मृत्यूपश्चात मेंदूंचा अभ्यास करताना दिसलं, की या गुठळ्या हालचालींच्या पट्ट्यापासून पुढे कपाळामागच्या भागात आणि अगदी शेवटच्या टप्प्यात स्मरणाशी संबंधित भागात आढळतात. ज्या बिघाडाने तुमच्या यजमानांच्या हातातला खडू गळाला, त्यानेच त्यांच्याकडून ‘कशी आहेस’ विचारायचं राहिलं असावं. सासूबाईंना हे समजावायला शास्त्र नको. ‘हात जसा त्याच्या ताब्यात नाही, तसं हेही नाही’ इतकं सांगा, आणि शक्य असेल तर डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. आईला मुलाचा मेंदू बदललाय हे मानणं जड जातं. त्यांचा राग तुमच्यावर नाही, या आजारावर आहे.

‘दाह वेग वाढवतो ना, मग दाहावरचं औषध देऊन तर पाहू’, असं भाऊजी म्हणतील. हा विचार डॉक्टरांनीही केला होता. मिनोसायक्लिन हे साधं प्रतिजैविक मायक्रोग्लियाला शांत करतं. उंदरांत त्याचा छान गुण आला. मग अमेरिकेत ४१२ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. २००७ मध्ये निकाल आला, तेव्हा औषध घेणाऱ्यांची अवस्था नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा २५ टक्के अधिक वेगाने खालावलेली होती. गुण आला नाही एवढ्यावर भागलं नाही, नुकसान झालं. ती चाचणी झाली नसती तर आजही कुणीतरी ते ‘सुजेवरचं औषध’ म्हणून देत असतं. सांधेदुखीवरचं सेलेकॉक्सिबही ३०० रुग्णांवर तपासलं गेलं, उपयोग शून्य. मायक्रोग्लिया मदतही करतात आणि इजाही. त्यांना सरसकट दाबून टाकलं तर मदतही थांबते, हा त्यातून निघणारा एक अंदाज.

म्हणून आताचं संशोधन दाह दाबण्याऐवजी त्याचा तोल सावरण्याकडे वळलंय. फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये २२० रुग्णांना इंटरल्युकिन-२ (प्रतिकारपेशींना संदेश देणारं प्रथिन) अगदी कमी मात्रेत देऊन लगाम घालणाऱ्या टी-पेशी वाढवण्याचा प्रयत्न झाला. २०२५ मध्ये त्याचा निकाल छापून आला. सरळ तुलनेत फरक पुरेसा ठोस ठरला नाही. पाठीच्या पाण्यातल्या एका प्रथिनाची पातळी हिशेबात धरल्यावर मात्र आशा वाटावी असा फायदा दिसला. या वाटेवर माझा विश्वास आहे. पण हे औषध आज कुणी तुम्हाला विकत देऊ केलं तर घेऊ नका.

स्टिरॉइडचं उत्तर एका शब्दात, नको. या आजारात त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही, आणि दीर्घकाळ घेतल्यास ते स्वतःच स्नायू कमजोर करतं, साखर वाढवतं, जंतुसंसर्गाला वाट करून देतं. हळद भाजी-आमटीत रोजची असते तशी असू द्या. हळदीच्या अर्काच्या तीव्र गोळ्या, काढे, गुळवेल यांपासून दूर राहा. यजमान या आजारावरचं रिलुझोल हे औषध घेत असतील तर त्यासाठी यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. हळदीच्या गोळ्यांनीही काही जणांच्या यकृताला इजा झालेली आहे, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृत बिघडलेल्या सहा रुग्णांची नोंद केली होती. ते यकृत आपल्याला रिलुझोलसाठी राखायचंय. रिलुझोल १९९५ पासून वापरात आहे, चाचण्यांत त्याने आयुष्य दोन-तीन महिन्यांनी वाढलं. कमी वाटतं, पण ते मोजलेलं आहे. बंद करू नका.

‘सूज कमी करणारा आहार’ म्हणून तूप, गहू, दूध बंद करायला सांगत असतील तर ठाम नकार द्या. या आजारात वजन घटणं हे फार वाईट लक्षण आहे. शिरा, साय, शेंगदाण्याचं कूट, तुपाची धार, जे घशाखाली नीट उतरतं ते सगळं द्या. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. फक्त ते कोंबून खातात, म्हणून डबा समोर ठेवू नका. लहान चमचा, थोडं थोडं, पहिला घास गिळून झाल्यावरच दुसरा, आणि जेवताना टीव्ही बंद. गिळताना ठसका लागू लागला असेल तर पोटात नळी बसवण्याचं बोलणं आत्ताच काढा. श्वासाची ताकद निम्म्याच्या खाली जाण्याआधी ती बसवणं जास्त सुरक्षित असतं.

स्टेम सेलसाठी जमीन विकू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताचे काही आजार वगळले तर स्टेम सेल हा प्रयोगच, तो नोंदणीकृत चाचणीतच करायचा, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. त्या केंद्राला एकच विचारा, ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाचा तुमचा नोंदणी क्रमांक काय?’ भाऊजींच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांना भावासाठी काहीतरी करायचंय. त्यांच्यावर बायपॅप, म्हणजे रात्री मास्कने श्वास देणारं यंत्र, आणायचं काम सोपवा.

बायपॅप म्हणते आहे, कारण पत्रात तुम्ही श्वासाबद्दल काहीच लिहिलेलं नाही. यजमान सकाळी डोकं दुखतं म्हणतात का? दिवसा पेंगतात का? झोपेत दचकून उठतात, आडवं झालं की गुदमरतं असं होतं का? श्वासाचे स्नायू थकले की रात्री रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि त्याने गोंधळ, चिडचिड, सुस्ती येते. मेंदूतल्या बदलात ही भर पडली तर माणूस आणखी हरवल्यासारखा वाटतो. आणि हा हिस्सा सुधारता येतो. फुफ्फुसांची क्षमता मोजून घ्या, दर तीन महिन्यांनी. मास्कने श्वास देणाऱ्या या यंत्राचा उपयोग २००६ च्या एका ब्रिटिश चाचणीत मोजला गेला. ज्यांच्या घशाचे स्नायू फार बिघडलेले नव्हते, त्यांचं आयुष्य त्याने साधारणपणे २०५ दिवस वाढलं आणि झोपही सुधारली. आज हाताशी असलेल्या कुठल्याही गोळीपेक्षा हे जास्त आहे. एक सावधगिरी घ्या. कोविडनंतर गावोगावी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मिळतात. धाप लागली म्हणून डॉक्टरांना न विचारता नुसता ऑक्सिजन लावू नका, साठलेला कार्बन डायऑक्साइड त्याने आणखी वाढू शकतो.

आता व्यवहाराचं, आणि हे लांबवू नका. ठेव मोडली गेली, ते झालं. त्यावरून त्यांना दोष देऊन हाती काही लागणार नाही. मोबाइलवरच्या व्यवहारांची मर्यादा कमी करून घ्या, खाती संयुक्त करा, वारसनोंदी तपासा. बरेच जण मुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. साधं मुखत्यारपत्र, ते देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की कायद्याने संपतं, हे वकिलांकडून समजून घ्या. मृत्युपत्र करायचं असेल तर निर्णयक्षमता शाबूत असल्याचं डॉक्टर लिहून देऊ शकतात तोवरच करा. पुढे व्हेंटिलेटर हवा की नको, हेही त्यांना आत्ताच, एखाद्या शांत दुपारी विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा आगाऊ वैद्यकीय निर्देशाला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे असतात. मेंदू बदलणाऱ्या आजारात हा प्रश्न उशिरा विचारला तर उत्तर त्यांचं उरत नाही, आणि ओझं तुमच्यावर पडतं.

नोकरीचं विसरू नका. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये नोंदलेल्या ११५३ रुग्णांत आजार सुरू होण्याचं सरासरी वय ४६ च्या आसपास होतं. म्हणजे आपल्याकडे हा बहुधा घर चालवणाऱ्या माणसालाच गाठतो. शाळेतून कुणी ‘सर, राजीनामा देऊन टाका’ म्हटलं तर आजच्या मनःस्थितीत ते सही करून मोकळे होतील. करू देऊ नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला काढून टाकता येत नाही, आणि अनुदानित संस्था त्या व्याख्येत येतात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यासाठी अर्ज करून ठेवा.

आणि तुम्ही? तापात तुम्हाला कुणी विचारलं नाही, ते दुखणं खरं आहे. मेंदूमुळे झालं हे कळलं म्हणून ते दुखायचं थांबत नाही. अशा रुग्णाला सांभाळणाऱ्यांचा कस हातापायांच्या अधूपणापेक्षा या बदललेल्या वागण्यानेच जास्त लागतो, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. आठवड्यातून दोन दुपारी भाऊजींना किंवा नणंदेला बसवा आणि घराबाहेर पडा. त्यासाठी कारण लागत नाही. झोप उडाली असेल, रडू थांबत नसेल तर स्वतःसाठीही डॉक्टरांकडे जा.

मुलाचं राहिलं. दहापैकी साधारण नऊ रुग्णांत हा आजार घराण्यात आधी कुणाला झालेला नसतो, आणि तेव्हा मुलांचा धोका कमी असतो. पण सासरच्या कुठल्याही पिढीत कुणाला हातपाय सुकून मृत्यू आला होता का, किंवा पन्नाशी-साठीत ‘वेड लागलं’ होतं का, हे सासूबाईंना विचारा. दोन्ही प्रश्न विचारा, कारण सी९ओआरएफ७२ या जनुकातला दोष एका भावाला हा आजार आणि दुसऱ्याला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया देऊ शकतो. यजमानांची जनुकतपासणी करता आली तर जरूर करा. दोनेक टक्के रुग्णांत सापडणाऱ्या एसओडी१ दोषावर टोफर्सन नावाचं औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालंय, त्यामुळे आता त्या रिपोर्टला उपचाराच्या दृष्टीने अर्थ आहे. मुलाची तपासणी मात्र यजमानांच्या रिपोर्टआधी करू नका, आणि करायचीच झाली तर जनुकसल्लागाराशी बोलून, त्याच्या स्वतःच्या इच्छेनेच करा. वडिलांच्या वागण्याबद्दल त्याला आजच फोन करून सांगा. ठेव मोडल्याचं, रडण्याचं, हसण्याचं, सगळं सांगा.